गहाळ आकडे आणि प्रसामान्य वक्र

हाती आलेल्या आकडेवारीवर कोणतीही चाचणी लावण्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: कोणते आकडे आलेच नाहीत, आणि जे आले ते सरासरीभोवती कसे पसरले आहेत. पहिल्या गोष्टीला गहाळ माहितीचा प्रश्न म्हणतात, दुसरीला प्रसामान्यतेची तपासणी. अभ्यासक्रमात ही दोन प्रकरणे वेगवेगळी शिकवली जातात आणि प्रबंधांतही त्यांचे परिच्छेद वेगळे असतात. प्रत्यक्षात मात्र एकाचा निर्णय दुसऱ्यात शिरतो. रिकाम्या जागा कशा भरल्या यावर वितरणाचा आकार बदलतो, आणि आकाराबद्दल काय गृहीत धरले यावर रिकाम्या जागेत कोणता आकडा येणार हे ठरते.

हे पाहायला ‘एअरक्वालिटी’ ही छोटी सारणी सोयीची आहे. ‘आर’ या मोफत संगणकप्रणालीबरोबर ती आपोआप मिळते, त्यामुळे संख्याशास्त्राच्या असंख्य विद्यार्थ्यांनी ती हाताळलेली असते. तिच्यात न्यूयॉर्क शहरातील 1 मे ते 30 सप्टेंबर 1973 या 153 दिवसांच्या नोंदी आहेत: रूझवेल्ट बेटावर दुपारी एक ते तीन या वेळेत मोजलेला हवेतील ओझोन, सेंट्रल पार्कमधील सौर प्रारण, लाग्वार्डिया विमानतळावरचा वारा आणि तापमान. वारा व तापमान सर्व दिवसांचे मिळते. प्रारणाच्या 7 आणि ओझोनच्या 37 नोंदी नाहीत.

या सारणीत गहाळ जागा निदान उघड दिसतात. पुष्कळदा त्या आकड्याचे सोंग घेऊन बसलेल्या असतात. प्रश्नावलीत उत्तर न देणाऱ्यासाठी 99 किंवा 999 लिहिण्याची जुनी पद्धत आहे. ही खूण संगणकाला सांगायची राहिली की 99 वर्षांची माणसे सरासरीत मिसळतात. त्याहून फसवे ते शून्य. पर्जन्यमापकाच्या वहीतील 0.0 म्हणजे पाऊस पडला नाही आणि रिकामा रकाना म्हणजे कोणी मोजला नाही. या दोहोंची गल्लत झाली तर न मोजलेला दिवस कोरडा ठरतो. अमेरिकेतील अॅरिझोना राज्यातल्या पिमा जमातीच्या 768 स्त्रियांची मधुमेहविषयक सारणी यंत्रशिक्षणाच्या वर्गांत सर्रास वापरली जाते. तिच्यात 35 स्त्रियांचा रक्तदाब 0 आहे, 11 जणींचा शरीरवस्तुमान निर्देशांक 0 आहे आणि 374 जणींच्या इन्शुलिनच्या रकान्यातही 0 आहे. जिवंत माणसाचा रक्तदाब शून्य नसतो. तरीही ही शून्ये खरी मानून केलेली विश्लेषणे आजही पाहायला मिळतात. म्हणून पहिली पायरी अगदी साधी: प्रत्येक रकान्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा पाहायचा, आणि असा आकडा मुळात संभवतो का, हे विचारायचे.

किती आकडे गहाळ आहेत हे मोजल्यावर ते का गहाळ आहेत हा प्रश्न येतो, आणि सगळ्या विषयाचा कणा तोच आहे. डोनाल्ड रुबिन यांनी 1976 साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकातील निबंधात या प्रश्नाला शिस्तशीर रूप दिले. त्यातून पुढे रूढ झालेली विभागणी तीन प्रकारांची आहे. आकडा गहाळ होण्याचा कशाशीच संबंध नसेल, प्रयोगशाळेत एखादी नळी हातातून पडून फुटावी तसा, तर तो पूर्णतः यादृच्छिक प्रकार. गहाळ होण्याची शक्यता हाती असलेल्या दुसऱ्या माहितीवर अवलंबून असेल आणि ती माहिती लक्षात घेतल्यावर बाकी काही संबंध उरत नसेल, तर तो सशर्त यादृच्छिक प्रकार. वयस्कर लोक प्रश्नावली अर्धवट सोडतात, पण प्रत्येकाचे वय ठाऊक आहे, हे त्याचे उदाहरण. तिसरा प्रकार सर्वांत अवघड. त्यात आकडा गहाळ होतो तो त्या आकड्यामुळेच. जास्त उत्पन्न असलेला माणूस उत्पन्नाचा रकाना कोरा ठेवतो. ज्यांना औषधाचा गुण येत नाही ते रुग्ण चाचणी सोडून जातात. येथे उरलेले आकडे कितीही काळजीपूर्वक तपासले तरी ते एका बाजूला झुकलेलेच असतात.

अडचण अशी की दुसरा प्रकार कोणता आणि तिसरा कोणता हे आकड्यांवरून कळत नाही. जो आकडा आलाच नाही तो मोठा होता की लहान, हे आलेल्या आकड्यांना विचारून काय उपयोग? पहिल्या प्रकारासाठी रॉडरिक लिटल यांची 1988 सालची चाचणी आहे, पण तीही फार तर ‘पूर्णतः यादृच्छिक नाही’ एवढेच सांगू शकते; यादृच्छिक असल्याचा दाखला देऊ शकत नाही. बाकीचा निर्णय माहिती गोळा कशी झाली याच्या ज्ञानावरच घ्यावा लागतो. सर्वेक्षकाची वही, रुग्णालयाचे नोंदपत्रक, यंत्राच्या दुरुस्तीची तारीख या गोष्टींना येथे कोणत्याही सूत्रापेक्षा जास्त वजन आहे.

न्यूयॉर्कच्या सारणीत ओझोनच्या 37 गहाळ नोंदींपैकी 21 एकट्या जून महिन्यातल्या आहेत. मे, जुलै आणि ऑगस्टमध्ये प्रत्येकी 5, सप्टेंबरात 1. त्यातही 21 ते 30 जून हे दहा दिवस सलग कोरे आहेत. अशी सलग मोकळी जागा पाहिली की मोजणीच बंद पडली असावी असा तर्क होतो. ओझोन जास्त होता म्हणून नोंद टळली असे मानायला आधार दिसत नाही. महिन्याचा संबंध मात्र उघड आहे, आणि महिन्यागणिक ओझोन बदलतो: उपलब्ध नोंदींची सरासरी मेमध्ये 23.6, जूनमध्ये 29.4, जुलैत 59.1, ऑगस्टमध्ये 60.0 आणि सप्टेंबरात 31.4 अब्जांश आहे. म्हणजे कमी ओझोनच्या जूनची हजेरी मोजणीत अपुरी लागली. मिळालेल्या 116 नोंदींची सरळ सरासरी 42.1 येते, प्रत्येक महिन्याला त्याच्या दिवसांइतके वजन दिले तर ती 40.9 वर उतरते. फरक फार नाही, पण तो कोणत्या दिशेने आहे आणि का आहे हे सांगता येते, आणि तेच महत्त्वाचे.

गहाळ जागांचे काय करायचे याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे अपुऱ्या ओळी सरळ वगळणे. बहुतेक संगणकप्रणाल्या न विचारता हेच करतात. एअरक्वालिटीतील चारही मोजमापे वापरायची तर 153 पैकी 111 ओळी उरतात. गहाळ होणे पूर्णतः यादृच्छिक असेल तर वगळण्याने निष्कर्ष झुकत नाही, फक्त नमुना लहान होतो. पण रकाने वाढत जातात तसे हे नुकसान वाढते: एकेका रकान्यात थोडेच आकडे नसले तरी वीस रकान्यांच्या प्रश्नावलीत पूर्ण ओळी निम्म्याही उरत नाहीत, असे सहज घडते.

दुसरा मार्ग रिकाम्या जागी सरासरी भरण्याचा. तो निरुपद्रवी दिसतो, म्हणून लोकप्रिय आहे, आणि जवळजवळ नेहमीच चुकीचा असतो. ओझोनच्या 116 नोंदींचे प्रमाण विचलन 33.0 आहे. उरलेल्या 37 जागी 42.1 हाच आकडा भरला तर सरासरी हलत नाही, पण प्रमाण विचलन 28.7 वर येते, कारण नव्या 37 आकड्यांनी पसाऱ्यात काहीच भर घातली नाही. सरासरीची प्रमाण त्रुटी 3.1 वरून 2.3 होते. एकही नवे मोजमाप न करता अंदाज जास्त अचूक झाल्याचा देखावा उभा राहतो. शिवाय ज्या जूनची सरासरी 29 च्या आसपास आहे त्याचे 21 दिवस 42 वर जाऊन बसतात, आणि आयतालेखात ऐन मध्यावर एक कृत्रिम सुळका उभा राहतो.

जरा शहाणा वाटणारा मार्ग समाश्रयणाचा. ओझोन तापमानाबरोबर वाढतो. दोन्हींचा सहसंबंध 0.70 आहे. या नोंदींवरून ओझोन = 2.43 × तापमान − 147 अशी रेषा मिळते, तापमान फॅरनहाइटमध्ये. रेषेत तापमान घालायचे आणि येईल तो ओझोन रिकाम्या जागी लिहायचा. 5 मे 1973 या दिवशी ओझोनची नोंद नाही. तापमान 56 अंश होते. रेषेप्रमाणे त्या दिवशीचा ओझोन येतो उणे 11. हवेत उणे ओझोन नसतो. शिवाय भरलेले सगळे बिंदू नेमके रेषेवर पडतात, खऱ्या बिंदूंसारखे खालीवर विखुरत नाहीत, त्यामुळे सहसंबंध आहे त्याहून घट्ट दिसू लागतो. औषधचाचण्यांत रुग्ण निघून गेला की त्याची शेवटची नोंद तशीच पुढे ओढायची पद्धत बरीच वर्षे होती. रुग्णाची प्रकृती त्या दिवशी गोठली असे ती मानते. ‘खबरदारीचा अंदाज’ म्हणून तिचे समर्थन केले जाई, पण आजार वाढतच जाणारा असेल तर ती औषधाच्या बाजूनेही झुकू शकते.

या सगळ्या मार्गांतला समान दोष असा की अंदाजाने लिहिलेला आकडा पुढच्या गणितात मोजलेल्या आकड्याच्या पंक्तीला बसतो. रुबिन यांनी सुचवलेली बहुविध भरणी हा दोष दूर करते. तिच्यात रिकामी जागा एकदा न भरता अनेकदा भरतात, आणि दर वेळी अंदाजात त्याच्या अनिश्चिततेइतका यादृच्छिक हेलकावा घालतात. समजा अशा वीस पूर्ण सारण्या तयार केल्या. प्रत्येकीवर तेच विश्लेषण करून वीस उत्तरे मिळवायची आणि त्यांची सरासरी घ्यायची. एकूण प्रचरणात दोन भाग येतात: प्रत्येक सारणीच्या आतल्या प्रचरणाची सरासरी, आणि वीस उत्तरांमधील आपसातले प्रचरण, ज्याला 1 + 1/20 ने गुणायचे. गहाळ आकड्यांबद्दल जितके अज्ञान जास्त, तितकी वीस उत्तरे एकमेकांपासून दूर जातात आणि तितकी अंतिम त्रुटी मोठी दिसते. अज्ञानाचा हिशेब लपत नाही, हा या पद्धतीचा खरा गुण. ती सशर्त यादृच्छिक प्रकारासाठी बांधलेली आहे. तिसऱ्या प्रकाराची शंका असेल तर भरलेले आकडे मुद्दाम ठराविक प्रमाणात वर किंवा खाली सरकवून निष्कर्ष कुठवर टिकतो ते पाहतात. तो न मोडता टिकला, तरच त्यावर भरवसा ठेवतात.

उणे ओझोनच्या उदाहरणातच दुसरा प्रश्न दडलेला आहे. प्रसामान्य वितरण म्हणजे मध्याभोवती दोन्ही बाजूंना सारखे उतरणारे, घंटेच्या आकाराचे वितरण. द म्वाव्र यांनी 1733 साली नाणेफेकीच्या हिशेबातून त्याचे सूत्र काढले; गाउस यांनी 1809 साली खगोलशास्त्रीय निरीक्षणांतल्या चुकांसाठी ते वापरले. ‘नॉर्मल’ या नावामुळे निसर्गातील प्रत्येक गोष्ट याच आकाराची असते असा समज पसरला. उत्पन्न, रुग्णालयातील मुक्काम, रोजचा पाऊस, प्रदूषकांचे प्रमाण ही शून्याच्या खाली न जाणारी आणि वर मोकळी सुटलेली मोजमापे सहसा तशी नसतात.

ओझोनच्या बाबतीत हे कळायला चाचणीही लागत नाही. सरासरी 42.1, मध्यक 31.5, सरासरी मध्यकाच्या इतकी वर म्हणजे उजवीकडे लांब शेपूट. कमाल नोंद 25 ऑगस्टची, 168. प्रमाण विचलन 33 असल्याने या सरासरीचा प्रसामान्य वक्र काढला तर दहातला एक दिवस शून्याच्या खाली जातो. ऋण न होणाऱ्या कोणत्याही मोजमापासाठी ही झटपट कसोटी उपयोगी आहे: सरासरीतून प्रमाण विचलनाची दुप्पट वजा करावी, उत्तर ऋण आले तर प्रसामान्यता विसरावी. प्रकाशित तक्त्यांत ‘सरासरी 6 दिवस, प्रमाण विचलन 7’ असे काही दिसले की वाचकालाही ही कसोटी घरबसल्या लावता येते.

प्रसामान्यता नेमकी कशाची तपासायची, येथे सर्वाधिक घोटाळा होतो. समाश्रयणात अट असते ती अवशेषांची, म्हणजे प्रत्यक्ष आकडा आणि रेषेने दिलेला आकडा यांतील फरकांची. मूळ आकड्यांना ती अट नाही, आणि ज्यांच्या आधारे अंदाज बांधायचा त्या स्पष्टीकारक मोजमापांना तर मुळीच नाही. याच सारणीतल्या तापमानाला शॅपिरो-विल्क ही प्रसामान्यतेची चाचणी लावली तर पी-मूल्य, म्हणजे वितरण प्रसामान्य असते तर निदान इतका वाकडेपणा दिसण्याची शक्यता, 0.009 येते आणि तापमान नापास होते. त्यात नवल नाही. मेपासून सप्टेंबरपर्यंतचे वेगवेगळे ऋतुमान एकत्र केले की घंटा कशी दिसणार? पण ओझोनचा अंदाज बांधण्यासाठी तापमान वापरायचे असेल तर त्या नापास होण्याला काहीही अर्थ नाही. दोन गटांची तुलना करतानाही प्रत्येक गटातला पसारा वेगळा पाहायचा असतो. पुरुष आणि स्त्रियांच्या उंची एकत्र करून काढलेला आलेख विस्कटलेला दिसला, तरी त्यावरून काही ठरत नाही.

तपासणीचे सर्वांत चांगले साधन डोळा आहे. क्यू-क्यू आलेखात आकडे चढत्या क्रमाने लावून, प्रसामान्य वितरणात त्या त्या क्रमांकाचा आकडा कुठे अपेक्षित असता त्याच्यासमोर मांडतात. बिंदू सरळ रेषेत आले तर वितरण प्रसामान्य. टोके वाकली की शेपटाची दिशा कळते, एखादाच बिंदू सुटा पडला की चुकीची किंवा विलक्षण नोंद कळते. बेल प्रयोगशाळेतील मार्टिन विल्क आणि मूळचे मद्रासचे राम ज्ञानदेशिकन यांच्या 1968 सालच्या निबंधाने हे आलेख रूढ केले. याच विल्क यांनी सॅम्युएल शॅपिरो यांच्याबरोबर 1965 साली मांडलेली चाचणी आज सर्वांत जास्त वापरली जाते. कोल्मोगोरोव-स्मिर्नोव चाचणीही प्रबंधांत दिसते, पण सरासरी आणि प्रमाण विचलन त्याच नमुन्यातून घेतले असेल तर तिचे मूळ तक्ते लागू पडत नाहीत. त्यासाठी ह्यूबर्ट लिलीफोर्स यांनी 1967 साली दुरुस्ती दिली. ती न वापरता काढलेले पी-मूल्य गरजेपेक्षा मोठे येते आणि वाकडे वितरणही पास होते.

चाचण्यांची एक विसंगती लक्षात ठेवण्यासारखी आहे. नमुना दहा-बारा आकड्यांचा असतो तेव्हा प्रसामान्यतेची अट खरोखर महत्त्वाची असते, आणि नेमके तेव्हाच चाचणीला काही दिसत नाही. बरीच वाकडी वितरणेही सुटून जातात. नमुना हजारोंचा असतो तेव्हा मध्यवर्ती सीमा सिद्धांतामुळे सरासरी बहुधा प्रसामान्यासारखी वागते, अट सैल पडते, आणि तेव्हा चाचणी आकडे पूर्णांकात लिहिल्याच्या खुणेवरूनही वितरण नापास करते. पी-मूल्य 0.05 च्या वर आले म्हणजे प्रसामान्यता सिद्ध झाली, हे वाक्य म्हणून कुठेच लिहू नये. शॅपिरो-विल्क चाचणीत वाऱ्याच्या वेगाचे पी-मूल्य 0.12 आहे, याचा अर्थ 153 दिवसांच्या नोंदींत प्रसामान्यतेविरुद्ध ठोस पुरावा सापडला नाही, एवढाच.

वितरण वाकडे निघाले तर आकडे बदललेल्या मापात मांडता येतात. उजव्या शेपटावर लॉगचा उपाय सर्वांत प्रचलित आहे. ओझोनच्या बाबतीत मात्र तो थोडा जास्तच होतो: 21 मे रोजी ओझोन अवघा 1 होता, त्याचा लॉग 0, आणि लॉगच्या मापावर हा दिवस डावीकडे एकटा फेकला जातो. घनमूळ घेतल्यास दोन्ही टोके बऱ्यापैकी आवरली जातात. माप बदलायचे नसेल तर क्रमांकांवर आधारलेल्या विल्कॉक्सन किंवा मान-व्हिटनी चाचण्या आहेत, किंवा ब्रॅडली एफ्रॉन यांची 1979 सालची बूटस्ट्रॅप पद्धत, जिच्यात नमुन्यातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढून त्रुटीचा अंदाज बांधतात. क्रमांकांच्या चाचण्या सरासऱ्यांची तुलना करत नाहीत, हे त्या वापरणाऱ्यांनी विसरू नये.

कोणते काम आधी करायचे हा प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात. सरासरी भरून मग प्रसामान्यता तपासणे निरर्थक आहे, कारण त्या तपासणीत भरणीने उभा केलेला सुळकाही मोजला जातो. आधी उपलब्ध आकड्यांचा आकार पाहावा, कारण भरणीचे प्रतिरूप त्यावर बेतायचे असते: ओझोनचे घनमूळ घेऊन त्या मापात भरणी केली की घनमूळ उलटवल्यावर बेताल आकडे बहुतांशी टळतात. दुसरा पर्याय जवळच्या जोडीचा. त्यात रेषेने दिलेला अंदाज जशाच्या तसा लिहीत नाहीत. ज्यांचा अंदाज तितकाच येतो अशा काही पूर्ण दिवसांपैकी एकाचा प्रत्यक्ष मोजलेला ओझोन घेतात. त्यामुळे 5 मे च्या जागी उणे आकडा येण्याची शक्यताच उरत नाही आणि वितरणाचे उजवे शेपूटही शाबूत राहते. भरणी झाल्यावर अवशेष प्रत्येक सारणीत वेगळे तपासावे लागतात. वीस सारण्यांचे अवशेष एकत्र करून एकच चाचणी लावणे म्हणजे नमुना वीसपट झाल्याचे भासवणे.

निरीक्षणात्मक वैद्यकीय अभ्यास कसे लिहावेत याविषयी 2007 साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रोब’ मार्गदर्शिकेत प्रत्येक मोजमापाच्या किती नोंदी गहाळ होत्या आणि त्यांचे काय केले, हे दोन्ही सांगण्याची अपेक्षा केली आहे. ज्या अहवालात या दोन ओळी नाहीत, त्यातली सरासरी नेमकी कोणाची आहे हे वाचकाने लेखकाला विचारावे.